न बोलणाऱ्यांच्या खोलीतल्या गप्पा

चार निवृत्त कारकून जमले की साहेबांचे किस्से निघतात. माझ्याकडे ते नाहीत. मी ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायचो, आणि आमच्या मागच्या खोलीत उशिरा बोलणाऱ्या लहान मुलांचा वर्ग भरायचा. जिथे कोणी बोलत नाही तिथे किस्से कसे साठतील, असं तुम्ही म्हणाल. अहो, मुलं बोलत नव्हती. त्यांना घेऊन येणाऱ्यांचं काय?

वर्ग प्रधानबाईंचा. बाईंचा आवाज हळू; पण समोरचा आपोआप गप्प व्हायचा.

* * *

बोरिवलीहून एक आई आली. "हा बोलतच नाही हो!" इथून तिने सुरुवात केली. मग बाळंतपण, पहिला दात, सासूचा स्वभाव, सासूच्या बहिणीचा स्वभाव... पोरानं मध्ये दोनदा तोंड उघडलं, अंदाज घेतला आणि मिटून टाकलं.

बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बोलेल. आधी त्याचा नंबर तर लागू द्या!"

* * *

घाटकोपरच्या एका एकत्र कुटुंबातला बंटी नुसतं बोट दाखवायचा. बोट उठलं की आई दूध घेऊन धावे, आजी बिस्किटं, काका ट्रान्झिस्टर.

बाई म्हणाल्या, "त्याला काय हवंय ते कळलं, तरी कळलं नाही असं दाखवा. थोडं थांबा. मठ्ठ व्हा."

"त्यात काय!" वडील म्हणाले. "सरकारी नोकरीत आहे मी."

पुढच्या खेपेला सगळं खटलं हसत आलं. बंटी बोट दाखवून दमला आणि शेवटी ओरडला, "पाणी!" आनंदाच्या भरात प्रत्येकानं त्याला एकेक पेला पाजला.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय, तासाभरात दुसरा शब्द. शू!"

* * *

भांडुपची एक मालवणी आजी नातवाला घेऊन यायची. एकदा पदराखालून तिनं कुरतडलेला पेरू काढला.

"बाये, पोपटान उष्टो केल्लो पेरू ह्येका रोज भरवतंय. तरी बोलणा नाय!"

"तुमचा पोपट बोलतो?" बाईंनी विचारलं.

"मगे! रामराम म्हणता, पावण्यांक 'बसा' म्हणता."

"कोणी शिकवलं?"

"मिया! रोज सांजेक पिंजऱ्यासमोर बसान."

"आणि नातवाशी कधी बोलता?"

"तो बोलणाच नाय, मगे तेच्याशी काय बोलतलंय?"

* * *

आता सुजाताचं. नाहूरची, चार वर्षांची. घराजवळच्या बालवाडीनं निर्वाणीचं सांगितलं होतं, जूनपर्यंत बोलली नाही तर मुक्या मुलांच्या शाळेत घाला. ती शाळा पार शहरात. आई-वडील दोघंही साकीनाक्याला कारखान्यात. पोर पोचवणार कोण? कान तपासले, ते ठणठणीत. पण तोंडातून आवाज म्हणून नाही!

सांभाळायला आजोबा होते. उभी हयात गिरणीत मागांवर काढलेली. संपानंतर घरी बसले होते.

एकदा मी खिडकीतून सहज बाहेर पाहिलं. बाकावर आजोबा नि नात बसले होते. दोघांचे ओठ भराभर हलताहेत, हातवारे चाललेत, पोर हसून लोळतेय. आणि आवाज? शून्य! मी बाईंना बोलावलं.

"आजोबा, तुम्ही आवाज का काढत नाही?"

"आवाज कशापायी? मागांच्या खडखडाटात वरडलं तरी कुणाला ऐकाया येतंय? तितं समदं असंच बोलत्यात. घरीबी आता ह्येच वळण पडलंय."

चहा, भाकर, सूत तुटलं, मुकादम येतोय, सगळं त्या पोरीला येत होतं! तिला बोलता येत नव्हतं असं नाही. फक्त गिरणी बंद पडल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

* * *

बाईंनी दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं, म्हणजे ओठ दिसायला नकोत. आता आवाजाशिवाय गत्यंतर नाही.

आजोबा पहिल्यांदा बोलले ते असे, की कंपाउंडरच्या हातून बाटली पडली. मग हळू बोला म्हटलं, तर पुन्हा नुसते ओठ. दर वेळी बाई टेबलावर टिचकी मारून म्हणायच्या, "आजोबा, आवाज!" आतली इतर मुलंही खुदखुदायची.

मे संपत आला तेव्हा पाठीमागून बारीकसं "चा" आलं, कधी "आबा". तेही फक्त आमच्या खोलीत. परकं माणूस दिसलं की पुन्हा गिरणी सुरू!

* * *

बालवाडीच्या भेटीच्या दिवशी प्रधानबाईंना रजा नव्हती. त्यांनी मला सोबत धाडलं. "तुम्ही मध्ये बोलू नका," एवढीच सूचना.

बालवाडीच्या मोठ्या बाई करारी होत्या. सुजाता समोर, आजोबा धुतलेला सदरा घालून शेजारी.

"नाव काय तुझं?"

सुजाता गप्प. बाई पेनाचं टोपण लावू लागल्या. मी जीभ दातांखाली धरली.

"नाव सांग, बाळ."

आजोबांना राहवलं नाही. त्यांनी नातीचं नाव सांगितलं. पण समोर खुर्चीतली बाई म्हणजे मुकादमाच्या वरची! घाबरून त्यांचे नुसते ओठ हलले.

"काय म्हणालात?" मोठ्या बाई पुढे वाकल्या.

आजोबांचे ओठ पुन्हा हलले.

तेवढ्यात टेबलावर इवल्याशा बोटाची टिचकी वाजली.

"आजोबा, आवाज!"