ड्रमचं झाकण

बाटली काळी पडली की आम्हाला आनंद व्हायचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमचा प्रकल्पच तसा होता. काचेच्या छोट्या बाटलीत तळाशी चिमूटभर पावडर असायची. तिच्यात पाणी भरायचं आणि बाटली उबेत ठेवायची. पाण्यात गटारातले जंतू असले तर एक-दोन दिवसांत पाणी शाईसारखं काळं होतं, नसले तर तसंच राहतं. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते पाच-सहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. मधल्या दिवसांत घरोघरी निळ्या ड्रममध्ये साठवलेलं पाणी चालतं. नळातून धड आलेलं पाणी ड्रममध्ये राहून कसं होतं, हे आम्हाला बघायचं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या वर्गातला एक मुलगा. त्याच्या वडिलांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. तो कमी बोलायचा, आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवताना ती तिरपी झाली तर काढून पुन्हा चिकटवायचा.

मी जात्याच संशयी. लोक दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, मी तोंड न पोळताच फुंकते. रिक्षावाल्यानं स्वतःहून कमी भाडं सांगितलं की मला वाटतं, आता हा लांबून नेणार. त्यामुळे प्रकल्पाचे नियम मीच केले. पहिला नियम, आपल्या भागातले नमुने आपण घ्यायचे नाहीत. ओळखीच्या घरी माणूस आळस करतो, आणि आळशी माणूस सगळ्या बाटल्या एकाच नळावर भरून मोकळा होतो. म्हणून मी त्याच्याकडच्या, उस्मानपुऱ्याच्या आतल्या गल्ल्यांत जायचं आणि त्यानं आमच्या कॉलनीत, वाळूजच्या रस्त्याला. दुसरा नियम, बाटली घरच्यांच्या हातात द्यायची नाही. झाकण काढून आपल्या हातानं ड्रममध्ये बुडवायची.

"तू पोलिसात जा," तो म्हणाला. "इधर क्या कर रही?"

त्याच सुमारास उत्तरेकडच्या एका विद्यापीठानं पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प मागवले. नाटकं, चित्रं, माहितीपट, विज्ञान, सगळं एकाच मेळाव्यात. आम्ही अर्ज केला आणि आमची निवड झाली. मला आनंद झाला तो मुख्यतः फिरायला मिळणार म्हणून. त्याचं तसं नव्हतं. त्याला पुढची एम.एस्सी. तिथंच करायची होती. तिथल्या एका प्राध्यापिकेला त्यानं मेल पाठवली होती आणि त्यांचं उत्तर आलं होतं, प्रकल्प घेऊन या, समोरासमोर बोलू. ती मेल तो मोबाइलवर पुन्हा पुन्हा उघडायचा. घरी वडील म्हणत होते, शिक्षण झालं, आता दुकानात बस. त्याच्याजवळ वडिलांना दाखवण्यासारखी ती एकच गोष्ट होती.

नमुने गोळा झाले. प्रयोगशाळेत थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब लावून आम्ही उबेची सोय केली होती. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर माझ्या निम्म्याहून जास्त बाटल्या काळ्याकुट्ट. त्याची एकही नाही. सगळ्या ओळीनं उभ्या, स्वच्छ, चिठ्ठ्या एकदम सरळ.

आमचे मार्गदर्शक सर बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. "कुठंतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. "वाळूजकडचे ड्रम काय सोन्याचे आहेत?" तो खाली गेलेला असताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "सोमवारपर्यंत याचा उलगडा झाला नाही तर मी त्याचं नाव काढतो. खोटे आकडे घेऊन मी कोणाला परराज्यात पाठवणार नाही. तू एकटी जा."

माझ्या बाटल्या खऱ्या कशावरून, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचाच संशय आला. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास का, आणि त्याच्यावर इतक्या पटकन अविश्वास का?

पण माझाही विश्वास नव्हता, हे खरं. त्या स्वच्छ ओळीत एक बाटली आमच्या घरची होती. आमच्या ड्रमच्या तळाला हिरवट बुळबुळ असते हे मला माहीत होतं, कारण तो घासायचं काम माझं आणि मी ते टाळत होते. मग आमची बाटली स्वच्छ कशी? एकच उत्तर होतं. हा पठ्ठ्या आमच्या कॉलनीत फिरकलाच नाही.

मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं.

"आमच्या घरी गेला होतास?"

"हौ."

"बाटली तू बुडवलीस?"

तो गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. "जे दिलं ते आणलं."

"बुडवलीस का नाही, तेवढं सांग."

"तुला माझ्यावर शक असेल तर सरांना जाऊन सांग ना," तो म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला. मला त्याचा भयंकर राग आला. खोटं बोलणारा माणूस परवडतो, अर्धवट बोलणारा नाही.

घरी गेले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी चप्पल काढता काढताच विचारलं, माझ्या कॉलेजातला मुलगा बाटली घेऊन आला होता का?

"आला व्हता की," आई म्हणाली. "लई गुणी पोरगं. उन्हाचं आलं व्हतं बिचारं. च्या टाकते म्हणलं तर नको म्हणला."

म्हणजे आला होता. मी खालीच बसले. "मग पाणी कशातलं दिलंस?"

"जारचं. चांगली बाटली भरून दिली."

"आई! ड्रमचं पाहिजे होतं!"

"पाव्हणा दारात आल्यावर त्याला शिळं पाणी द्यायचं व्हय?" आई माझ्यावरच उखडली. "अन् वर ते कालिजात तपासणार. उद्या समदे म्हणतील, हिच्या आईच्या ड्रमात किडे निघाले. मंग बरं दिसंल?"

आई पिशोर गावची. तिकडच्या घरात पाणी शिळं होतं म्हणजे होतंच, त्यावर वाद नाही. नळाला पाणी आलं की उरलेलं पाणी फरशीला, झाडांना वापरून ड्रम रिकामा करायचा आणि ताजं भरायचं. मधल्या दिवसांत आम्ही तेच पाणी गाळून पितो, पण ते घरच्यांनी. पाहुण्यासाठी विकतचा जार असतो. तपासायला कोणी येणार म्हटलं की शाळेतसुद्धा त्या दिवसापुरतं नवं फडकं निघायचं, तसाच हा प्रकार होता.

मी तशीच उठून शेजारी गेले. तिथंही जारचं. त्यापुढच्या घरीही जारचं. कोपऱ्यावरच्या काकू तर कौतुकानं म्हणाल्या, "आमचंच पाणी तपासायचं अन् आमीच घाण देऊ व्हय? नाय बाई, मी उकळून, गाळून दिलं." परत येताना मला रस्त्यात हसू फुटलं. पोरगा खोटा नव्हता. सगळी कॉलनी सभ्य होती, एवढीच भानगड होती.

पण माझं डोकं तिथं थांबत नाही, हीच अडचण आहे. उस्मानपुऱ्यातही बायकांनी मला आधी सरबत दिलं होतं, जारचं पाणी पुढे केलं होतं. ड्रमकडे वळले तर एक आजी हात धरून म्हणाल्या होत्या, "बेटी, वो नक्को ले, बासी है." शिळ्याची लाज दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की मी हट्ट केला आणि त्यांनी मला आत मोरीपर्यंत जाऊ दिलं.

मी पुन्हा आईसमोर बसले. "त्याला म्हणायचं ना, आत ये आणि घे तुझ्या हातानं."

मेथीच्या जुडीवरचा तिचा हात थांबला. "घरात मी एकटी. परका पोरगा."

"गॅसच्या टाकीवाला तर थेट ओट्यापर्यंत येतो."

"तुला म्हणायचं काय हाय?" आईनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"काय नाय," मी म्हणाले. मला पहिल्यांदाच एखादा प्रश्न पुढे विचारायची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही.

"मालूम था," तो म्हणाला. "जार समोरच ठेवलेला असायचा."

"मग बोलला का नाहीस? ड्रमचं पाणी म्हणून नोंद केलीस तू. हे चुकीचं आहे, कळतं का तुला?"

"कळतं," तो म्हणाला. "दारात नाव विचारायच्या. सांगितलं की म्हणायच्या, थांब, आणून देते. आता शिळं नको म्हणून जारचं देतात का मी आत नको म्हणून, हे मी कसं विचारू? अन् विचारलं तर जवाब ऐकावा लागतो. मेरेको जवाब नक्को था."

माझ्या घरी तसं काही नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते ठाऊक नव्हतं.

सरांना मी सगळा प्रकार सांगितला. ते आधी हसले, मग गंभीर झाले, आणि त्याच्या वाट्याचे नमुने पुन्हा घ्यायला परवानगी दिली. मात्र मुदत सोमवारचीच ठेवली. शनिवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. दारात मी पुढे, तो मागे. मी बायकांना समजावायचे की तुमचं नाव कुठंही येणार नाही, आम्हाला शिळंच पाणी हवंय. काही हसल्या, काही लाजल्या, एकीनं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी झाकणं उघडली. बाटली दर वेळी त्यानंच बुडवली. मीच त्याला पुढे करत होते, आणि करताना त्या बायकांचे चेहरे वाचत होते.

शेवटी आमचं घर. आईनं आज स्वतःच ड्रमवरचा फडका सोडला, झाकण काढलं. "ये बाबा, घे," ती म्हणाली. त्यानं हात धुतला, बाही वर केली आणि बाटली बुडवली. बुडबुडे वर आले. मग आईनं चहा केला. ती कोणते कप काढते याकडे माझं बारीक लक्ष होतं. सोनेरी काठाचे, पाहुण्यांचे निघाले. चहा झाल्यावर तिनं तिन्ही कप एकत्रच विसळले. त्याची बाटली पिशवीत घालून दिली आणि म्हणाली, "पुन्हा ये." मला इतकं बरं वाटलं की पायऱ्या उतरताना मी त्याला उगाचच टपली मारली.

बाटल्या प्रयोगशाळेत खोक्यात ठेवून मी संध्याकाळी घरी आले. अंगण ओलं होतं. ड्रम पालथा घातला होता, काथ्यानं घासून लख्ख केलेला. नळाचं पाणी यायला अजून तीन दिवस होते.

"ड्रम का ओतला?"

"शिळं झालं व्हतं."

"अर्ध्याच्या वर होतं, आई."

"तुमीच म्हणता ना, खराब असतं. मंग खराब पाणी पाजू का समद्यांना?"

या उत्तरात कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. मीच तर महिनाभर घरात तेच सांगत होते. फक्त आमची बाटली तेव्हा खोक्यात होती आणि तिच्यातलं पाणी अजून स्वच्छ होतं. काळं पडायला वेळ लागतो हे मी आईला सांगितलं होतं. कधी नव्हे ते तिनं पाणी वाया घालवलं होतं, मला न सांगता, आणि तेही नेमकं त्याच दुपारी. तीन दिवस आम्ही शेजारच्या बोअरचं पाणी आणलं. बाबा अर्ध्या बादलीत अंघोळ करून कुरकुरत वाळूजच्या कंपनीची बस गाठायला पळायचे. "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून" ही म्हण आई मला लहानपणापासून ऐकवायची. या वेळी मी आमच्याच ड्रममध्ये वाकून बघत होते, आणि झाकण मी स्वतः लावलं. तिला मी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी बाटल्या काळ्या निघाल्या. आमचीही. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याचं नाव राहिलं. त्यानं बाटल्यांचा फोटो काढून वडिलांना पाठवला. गटारातले जंतू बघून इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आठवडाभरानं आम्ही सरांसह, दोन पिशव्या सामान घेऊन रेल्वेत बसून उत्तरेकडे निघालो. दुपारचं जेवण झालं होतं, सर वरच्या बर्थवर घोरत होते. तो भाषणाची तयारी करत होता. ड्रम नियमित धुतला तर काय फरक पडतो, या वाक्यापाशी तो थांबला.

"काकूंनी ड्रम धुतला का मग?"

"धुतला."

"कब?"

जगातल्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारत आले होते. कधी, कुठं, कोणी, कशावरून.

"बाटली काळी पडल्यावर," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. समोरच्याला आपलं बोलणं पटलं नाही की ते मला लगेच कळतं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि मोबाइलवर ती मेल उघडून पुन्हा वाचायला लागला.