अठ्ठेचाळिसाव्या दिवशी थांबवलेली गोळी

डॉक्टरांनी तो शब्द इंग्रजीतच उच्चारला, ‘स्किझोफ्रेनिया’, आणि टाक खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. खोलीत कार्बोलिकचा उग्र दर्प होता. माझ्या शेजारी बसलेले यजमान भिंतीकडे वळून कुजबुजत होते आणि मधूनच थांबून, मान कलती करून, ऐकत होते.

“अम्मा, यांना आवाज खरोखरच ऐकू येतात,” डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले. “आपल्या मनातले कोणते आणि बाहेरचे कोणते, हे यांना आता निवडता येत नाही. आजार तो हाच.”

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. क्लोरप्रोमाझिन नावाचे औषध नव्याने आले होते. घरी ते नेमाने दिले गेले तर यजमान घरी राहू शकतील. नाही जमले, तर गावाबाहेरचे मोठे मनोरुग्णालय. तिथून माणसे लवकर परतत नाहीत.

“मला जमेल,” मी म्हणाले.

मी सांगलीची, लग्न होऊन मद्रासला आले. सासरची मंडळी तंजावरकडची मराठी, दोन पिढ्यांपासून मद्रासच्याच मैलापूर भागात स्थिरावलेली. यजमान रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढत. त्यांची रेघ केसासारखी बारीक आणि निःशंक असे. आजार सुरू झाला त्या वर्षी शेजारी आपल्या पाण्यात काहीतरी कालवतात असे ते म्हणू लागले, आणि पुढे त्यांनी पाणी पिणेच सोडले.

औषध सुरू करण्यासाठी यजमानांना आधी इस्पितळात ठेवले. तिथे दोन आठवडे गेले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून पलीकडच्या वॉर्डातले खोकले ओळखायला शिकले. बाराव्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाणी मागितले. त्या घोटाचा आवाज आजही माझ्या कानात आहे.

घरी आल्यावर औषधाची दुसरी बाजू दिसू लागली. यजमानांच्या जिभेला कोरड पडे. ते अंथरुणातून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येई. एकदा ते थोडा वेळ गच्चीत उन्हात बसले, तर मान व हात भाजल्यासारखे तांबडे झाले. पुढे बोटे ताठरली. चालताना हात हलेनात, चेहऱ्यावरचे हसू उमटण्याआधीच थिजे. कचेरीतून तपासायला आणलेल्या कागदावर त्यांनी रेघ ओढली, ती कापरी आली. त्यांनी कागद उलटा घातला.

मी सासूबाईंना म्हटले, “डॉक्टरांना सांगू या का?”

“सांगायचं काय त्यात?” त्या म्हणाल्या. “औषध अंगाला चावलं नाही तर लागू कसं पडेल? तुमच्या सांगलीला काय गुळातून देतात वाटतं औषधं?”

आमच्या घरी वैद्याचे औषध एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, घेण्याची रीत. तेवढे दिवस कडक पथ्य. मंडल पुरे झाले की अभ्यंगस्नान घालून औषध उतरवायचे. डॉक्टरांनी किती दिवस ते सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारले नव्हते. सासूबाई भिंतीवरच्या पंचांगात रोज एक खूण करत.

अठ्ठेचाळिसावा दिवस शनिवारी आला. सासूबाईंनी तिळाचे तेल कोमट केले, त्यात मिरी टाकली. शिकेकाईच्या वासाने घर भरून गेले. उरलेल्या गोळ्या त्यांनी तुळशीच्या मुळाशी पुरल्या. मी पाहत होते. मला जमेल असे म्हणणारी मीच होते, आणि त्या वासात मलाही सारे संपल्यासारखे वाटले.

त्यानंतरचे दोन आठवडे सर्वांत सुखाचे होते, आणि फसवे. बोटे सुटली. चेहरा पुन्हा हलू लागला. “बघ,” सासूबाई म्हणाल्या, “आजार गेला तशी औषधाची खोडही गेली.” मीही तसेच समजले. औषध उतरले म्हणून अंग मोकळे झाले, आणि आजार आपल्या जागीच बसून होता, हे कळायला तिसरा आठवडा उजाडावा लागला. त्या सकाळी त्यांनी पाण्याचा हंडा अंगणात ओतून दिला आणि भिंतीपाशी जाऊन मान कलती केली.

मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेले. मंडल, अभ्यंग, तुळस, सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते.

“चूक माझीही आहे. मुदत मी सांगायला हवी होती,” ते म्हणाले. “हे औषध महिने नव्हे, बहुधा वर्षे घ्यावे लागेल. पण बोटे ताठरली तेव्हा का आला नाहीत?”

“औषध अंगाला चावायचेच, असे वाटले.”

“मात्रा कमी करता येते, अम्मा. ताठरपणावर वेगळी गोळी आहे. तुम्ही सांगितलेत तरच मला कळणार.”

“आता मोठ्या इस्पितळात पाठवाल?”

“अजून नाही. एकदा पाहू.”

पुन्हा तीन आठवडे वॉर्डात गेले. मात्रा आधी वाढवली आणि मग हळूहळू उतरवत नेली. या वेळी सासूबाई स्वतः बाकावर येऊन बसल्या. डॉक्टर येताच त्यांनी विचारले, “मंडल किती, ते सांगा. मी खुणा करीन.” डॉक्टर हसले. “आजी, मोठे पंचांग आणा.”

ज्यांच्या घरी हे औषध आले असेल, त्यांना माझे सांगणे एवढेच: रुग्णाला बरे वाटू लागले म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नका, आणि त्रास होतो म्हणून मुकाट्याने सोसूही नका. उठताना आधी काठावर बसवा, मग उभे करा. उन्हात छत्री द्या. अंग ताठरले, किंवा पाय एका जागी ठरेनासे झाले, तर तो आजार वाढला असे धरून बसू नका. औषधाचाही तो परिणाम असतो. डोळे पिवळे दिसले, घसा दुखून ताप आला, किंवा ताप चढून अंग लाकडासारखे कडक झाले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आज सात वर्षे झाली. यजमान कचेरीत जातात. बारीक नकाशे आता दुसरे कोणी काढते. यजमान ते तपासतात. पूर्वीचे सगळे परत आले असे मी म्हणणार नाही.

गेल्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे मला विचारले, “कसे आहेत?” मी उत्तर देण्याआधी यजमानच बोलले. “आवाज अजून येतात, डॉक्टर. लांबून. पण ते मला हाक मारत नाहीत, आपसांत बोलतात. आणि उजव्या हाताचा अंगठा चार दिवस झाले जड वाटतो.”

मला यातले काहीच ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी टाक उचलला आणि माझ्याकडे न पाहता, यजमानांकडे पाहून, पुढचा प्रश्न विचारला.