उसनं नाक

सरलाबाईंच्या स्वयंपाकाला माप कधी माहीतच नव्हतं. मिठाचा अंदाज बोटांना आणि फोडणीचा नाकाला. सौंसर गावात कुणी कृती विचारलीच तर म्हणायच्या, "वास सुटला का उतरवायचं. त्यात काय शिकवू, बाप्पा?"

गेल्या हिवाळ्यात ताप आला आणि जाताना नाकाची वासाची जाण घेऊन गेला. बाईंनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. रोजच्या भाजीला जीभ लावून वेळ मारून नेता येत होती. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला मात्र ती सोय नाही. देवीच्या आधी कुणी चाखायचं नसतं. यंदा काही बिघडलं तर सून अपर्णा स्वयंपाकघर हाती घेईल आणि आपल्याला कोथिंबीर निवडत बसावं लागेल, या धास्तीनं त्यांना रात्री झोप नव्हती. अपर्णा लोधीखेड्याची, मोबाइलमध्ये बघून चमच्यानं मीठ घालणारी. बाई तिला मनातल्या मनात हसायच्या. आता कसलं हसू येतंय!

पुरण झालं, सोळा भाज्या शिजल्या. हात सवयीनं चालत होते. कढीच्या फोडणीत मेथ्या टाकून बाई पाठमोऱ्या ताक घुसळत राहिल्या, तोच अपर्णा देवीपुढून धावत आली.

"आई, मेथ्या जळून राहिल्या! वास नाही आला काय तुम्हाले?"

बाईंना खोटं सुचेना. "नाही वं. हिवाळ्यापासून मले कशाचाच वास येत नाही."

आता ही झारा स्वतःच्या हाती घेणार, असं बाईंना वाटलं. अपर्णानं कढई घासून पुन्हा गॅसवर ठेवली, तेल ओतलं आणि झारा सासूच्याच हातात दिला.

"टाका मेथ्या. मी उभी आहे इथं." ती कढईवर वाकली. "कच्च्या आहेत... थांबा... हं, आता सुटला वास!"

बाईंनी ताक ओतलं.

पंगतीत बाईंची बोरगावची नणंद वच्छला दोनदा कढी मागून प्यायली. "वहिनी, चव तीच आहे हो तुमची!"

सगळे उठल्यावर सासू-सून जेवायला बसल्या. बाईंनी कढीची वाटी नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली.

"कसा आहे वं वास?" त्यांनी हळूच विचारलं.

अपर्णानं वाटी उचलून हुंगली. "लग्न होऊन आली ना मी, त्या दिवशी दारातच आला होता. तसाच आहे, आई."

बाईंना रडू आवरेना. मग पदरानं नाक-डोळे पुसून त्यांनी कढीचा मोठा भुरका मारला आणि वाटी पुढे केली.

"वाढ अजून."