येतो म्हटल्यानंतरचे तास

पोलादपूरच्या साइट ऑफिसात तुझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे टक्के लिहिते. आई महाडच्या बाजारात हेच सांगत फिरायची आणि अर्ध्या गावाचा समज होता की मी बँकेत आहे. घाटरस्त्याच्या कडेने डोंगराला लोखंडी जाळी ठोकायचं कंत्राट होतं. कुठल्या तुकड्याचं काम किती टक्के झालं, कोण किती तास राबलं, हे रोज सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. पडद्यावरची पट्टी हिरवी झाली की वरचे साहेब खूश, लाल झाली की फोन. डोंगराला त्या पट्टीशी काही देणंघेणं नव्हतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पगार मात्र पट्टीचाच होता.

वरचं काम एक मुकादम बघायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीसुद्धा. घाटाखालच्याच वाडीतले, साठीला टेकलेले, मुंबईत उमेदीची वर्षं काढून गावी परतलेले. गावकीत त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि देवळाच्या कोठीची किल्ली कैक वर्षं त्यांच्याकडेच असायची. कंपनीने सगळ्यांना अ‍ॅप दिलं होतं, काम सुरू केलं की एक बटण, संपलं की दुसरं. घाटातल्या रेंजवर ते अ‍ॅप उघडेपर्यंत दिवस मावळायचा. म्हणून मामा ग्रुपवर मेसेज टाकायचे. सकाळी ‘आलो’, संध्याकाळी ‘येतो’.

हेड ऑफिस दुसऱ्या राज्यात. तिथे मराठी कोणाला येत नव्हतं, मेसेज मोबाइलवरच भाषांतर करून वाचायचे. एक दिवस साहेबांची मेल आली, हा माणूस रोज संध्याकाळी कामावर येतो आहे, रात्रपाळीची परवानगी कोणी दिली? आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो. मामांना सांगितलं तर तेही हसले. मग मी अगदी शहाणपणाने उत्तर लिहिलं, की आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ते अशुभ मानतात. निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. तेव्हा येतो म्हणजे गेला. साहेबांना ते इतकं पटलं की त्यांनी नियमच करून टाकला. ‘येतो’चा मेसेज पडला की त्या मिनिटाला मामांचे तास बंद.

पण येतो म्हटल्यावर आपल्याकडे कोण लगेच जातं? चपला पायात घालून उंबऱ्याशी उभं राहिल्यावरच तर खऱ्या गप्पा सुरू होतात. मामांचंही तसंच होतं. मेसेज टाकायचे आणि मग साइटवर एक फेरी मारायचे. हत्यारं शेडमध्ये गेली का बघायचे, गटारात पडलेले दगड बाजूला सारायचे, डिझेलवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरवर ताडपत्री बांधायचे. हा वेळ कधी तासांत धरला गेला नाही आणि त्यांनीही कधी मागितला नाही. मेलमध्ये हे लिहायचं मला सुचलं नाही. भाषा समजावायला बसलं की माणसाची सवय राहूनच जाते.

गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. त्या संध्याकाळी ‘येतो’ पडला आणि त्यानंतर ताडपत्री बांधत असताना वरून दगड आला. मामांचा गुडघा चिरडला. खाली जाणाऱ्या टेम्पोवाल्याने त्यांना पाहिलं म्हणून वाचले. आधी महाडला, मग मुंबईला नेलं. पाय राहिला, पण लाकडासारखा ताठ. दवाखान्याचं कंपनीने बघितलं, ‘माणुसकी म्हणून’, असं साहेबांनी मला दोनदा ऐकवलं. माणुसकी म्हणून, कारण सॉफ्टवेअरप्रमाणे मामा तेव्हा कामावर नव्हतेच. चौकशीच्या अहवालात तसं वाक्यच होतं, कामाची वेळ संपल्यावर विनाकारण साइटवर उपस्थित.

हे ‘विनाकारण’ ड्रायव्हरांच्या तोंडून वाडीत पोचलं. सांज झाल्यावर माणूस विनाकारण कॉम्प्रेसरपाशी कशाला थांबेल? डिझेल काढायला. तोंडावर कोणी बोललं नाही. तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं, मामांनी चार शिव्या हासडून विषय मिटवला असता. गावकीने फक्त निरोप धाडला, आता पायाने अधू झालात, कोठीच्या किल्लीचा ताप तुम्हाला कशाला?

मी भेटायला गेले तेव्हा मामींनी हे सगळं सांगितलं. मामा भिंतीला पाठ लावून बसले होते. ताठ पाय हातांनी उचलून बाजूला घेतला. मग म्हणाले, “ताई, पाय गेला तं जाऊ दे. पर मी चोर नाय. येवढा तुमच्या त्या मशीनीत लिवा.”

मला वाटलं, त्यात काय, ऑफिसात जाऊन दोन मिनिटांत दुरुस्त करते. कसलं काय. आठवडा बंद झाला की तास गोठतात, ते उघडायचा अधिकार फक्त साहेबांना. कामाचे टक्के मात्र मागे जाऊन हवे तसे वाढवता येतात, त्याला कुणाची हरकत नसते. मी मेल लिहिल्या, सोबत कामगारांचे जबाब जोडले, ताडपत्रीचे फोटो पाठवले. साहेब फोनवर म्हणाले, उपचार झालेत, आता तासाभराने काय फरक पडतो? तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, साहेब, दगड काही सॉफ्टवेअर बघून पडला नाही. त्यांनी फोन ठेवला. नोकरी जाते की काय, अशी त्या रात्री भीती वाटली, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मेल लिहायला घेतली.

शेतांत वाल वर आले तेव्हा कुठे तो आठवडा उघडला. साहेब कंटाळले की त्यांना पटलं, कळायला मार्ग नाही. मी त्या संध्याकाळपुढे एक तास भरला, कामाच्या रकान्यात ‘साइटची सुरक्षा’ निवडलं, शेऱ्यात अपघात कामावर असताना, असं लिहिलं. मंजुरी आली. मला रडू फुटलं, आणि इतक्याशा गोष्टीला रडू फुटावं याचा रागही आला. त्या पानाची प्रिंट काढली, कंपनीचा शिक्का मारून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने जाऊन पुढची चढण चालत वाडीत पोचले.

गावकीची बैठक दुसऱ्या दिवशी होती, कागद तिथेच दाखवायचा होता. मामांनी कागद धुतल्या हातांनी घेतला. चष्मा लावला, वरून खाली वाचला, पुन्हा वरून खाली. मग मामींकडे दिला. मामी चौथीपर्यंत शिकलेल्या, एकेका ओळीवर बोट ठेवून पुढे सरकत होत्या. शेवटापाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “यात ह्यांचा नाव कुठं हाय गो?”

नाव नव्हतंच. सॉफ्टवेअरमध्ये माणसांची नावं नसतात. ‘मुकादम २’ असं लिहिलेलं होतं. रोज मीच ते भरत आले होते, रोज डोळ्यांसमोर होतं, आणि एवढ्या भांडणाच्या भरात ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मुकादम २ कोण, हे माझ्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. वाडीला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी घाईघाईने पर्समधून पेन काढलं, म्हटलं, थांबा, मी लिहिते, खाली माझी सही करते.

मामांनी कागद माझ्या हाताखालून हळूच ओढून घेतला.

“नको ताई,” ते म्हणाले. “पेनानं लिवलेला आता कोन खरा मानतो?”