मेंदूतले निळे दाणे

फेफऱ्याच्या माणसाला भूत लागलंय म्हणून झोडपायचं, हे ज्यानं कुणी आपल्याकडं शिकवलं ना, त्यानं या मुलखाचा घात केलाय! हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त ते सिद्ध करायला गेलो आणि काय तोंडावर आपटलो म्हणता! चहा खाली ठेवा, सांडेल.

निजामाचा अंमल होता. हैदराबादेत डॉक्टरी शिकून मी नांदेडच्या दवाखान्यात नुकताच लागलो होतो. देगलूरकडची एक बाई फेफऱ्यानं गेली. तिचा भाऊ मारुती म्हणाला, "धाकट्या बहिणीलाबी तेच हाय. मामा म्हणून राहिले, भगताकडं न्या."

"भगत? अरे, रोग मेंदूत असतो! डोळ्यांनी दाखवतो तुला!"

पुस्तकात वाचलं होतं, अशा काही रोग्यांच्या मेंदूपेशींत पिष्टासारख्या पदार्थाचे गोल दाणे साचतात. मध्ये गडद, कडेला फिके. आयोडीन टाकलं की रंगतात.

मारुतीनं परवानगी दिली. मेंदूचा तुकडा आठ दिवस औषधात ठेवला, वस्तऱ्यानं पातळ काप काढला. काच पुसायची मलमल धोब्याकडं गेलेली. थांबेल तो मी कसला? हाताला लागलं त्या फडक्यानं काच पुसली, काप ठेवला, आयोडीन टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

दाणेच दाणे! निळे, गोल, मध्ये टिंब!

"मारुती, सापडलं! मामांना सांग, भगत रद्द!"

निकाल ऐकायला मामाही व्हरांड्यात येऊन बसले होते; मारुतीनं तिथल्या तिथं त्यांना सुनावलं. माझी छाती ही एवढी फुगली.

मग बडे डॉक्टर आले. शांतपणे डोळा लावला. काच सरकवली.

"मियां, इस कोने में तो दिमाग हैच नहीं, खाली काच है. फिर ये दाने कां से आए?"

मी पुन्हा डोळा लावला. कोऱ्या काचेवरही दाणे!

"काच किससे पोंछी?"

मी फडकं पुढं केलं. त्यांनी ते झटकलं. पांढरी धूळ उडाली. आईनं सकाळी त्यात भाकरी बांधून दिल्या होत्या! ज्वारीचं कोरडं पीठ, म्हणजे पिष्टच, दुसरं काय? मेंदूरोगाचा शोध म्हणून मी माझाच डबा तपासत होतो!

पण मारुतीपासून लपवणार कसं? त्याच्या बहिणीचा प्रश्न होता. गेलो सरळ व्हरांड्यात.

"मारुती, ते दाणे पिठाचे निघाले. मेंदूत काय होतं, मला दिसलं नाही. पण तिला भगताकडं नेऊ नकोस. झटके आवरायचं औषध आपल्याकडं आहे. आणि काप मी पुन्हा काढणार. दहा काढीन!"

मारुतीनं माझ्या पीठ लागलेल्या हातांकडं बघितलं.

"आणतो तिला उद्याच. पन डाक्टरसाहेब, औषध बड्या साहेबांच्या हातानं द्या. तुमी आधी हात धुवा."