हात न लावता

कापणीच्या सणाचा रविवार, सकाळची उपासना. शिरड शहापूरच्या रस्त्याला लागून मोकळं वावर, त्यात मांडव.

हजर : बाहेरून आलेले संदेष्टे साहेब. आमचे पाळक. मांडवभर मंडळी. सेवेचा अभिषेक घ्यायला गुडघ्यावर बसलेले पाच जण. गावातल्या शेतकरी घरातले दोघे भाऊ, तांड्यावरची शेवंताबाई, आमच्या मांगवाड्यातली कौसल्याबाई आणि शेवटी मी.

गैरहजर : पडणाऱ्या बायांना मागून झेलणारी. कारण ती मीच.

तेल वरून आलं. वीतभर उंचीवरून, धार धरून. आधी कौसल्याबाईच्या भांगात, मग माझ्या.

आमच्या आधीच्या तिघांच्या कपाळाला संदेष्ट्यांनी अंगठ्यानं तेल लावलं होतं. दोन्ही तळवे डोक्यावर दाबून प्रार्थना केली होती. दोघे भाऊ मागे कलंडले. शेवंताबाई डोलली, पण बसून राहिली. मग ते आमच्यापुढे आले आणि त्यांचे हात वरच थांबले.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्या सभेत सेवक डोक्यावर हात ठेवतो आणि कधीकधी माणूस पडतो. आम्ही त्याला आत्म्यात पडणं म्हणतो. पडणाऱ्याच्या मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. बाई पडली तर पायांवर चादर टाकावी लागते. सतरंज्या, पाण्याचे जार, डाळीचं पातेलं, माईक, चादरी ही सगळी यादी माझ्याकडे असते आणि बायांना झेलणंही माझ्याकडेच. इतकी वर्षं झेलून मला एक गोष्ट पाठ झाली आहे. हात डोक्यावर पडला की बाईची पाठ आधी ताठ होते, मग सुटते. मागून, डोळे मिटूनही मला कळतं की हात पडला.

त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर पापण्या होत्या आणि डोक्यावर काहीच नव्हतं.

सकाळी पाळकांच्या घरी मीच संदेष्ट्यांना चहा दिला होता. कप हातात घेत ते म्हणाले, "बाई, नाव तर बायबलातलं आहे. वडिलांचं जुनं आडनाव काय?"

मी सांगितलं. लपवायचं काय त्यात? कौसल्याबाई कपबशा उचलत होती. तिनं हौसेनं भर घातली, "आमी दोघी एकाच गल्लीतल्या, साहेब. हिची माय आन माझी माय एकाच वावरात निंदायच्या."

"देव किती खालून उचलतो!" असं म्हणून ते हसले. चहा तसाच ठेवला. साखर जास्त झाली असेल असं वाटून मी बिनसाखरेचा दुसरा करून आणला. तोही तसाच राहिला.

मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी घाईत होते. चादरी मोजायच्या होत्या.

कौसल्याबाईला अक्षर येत नाही. वचनं ऐकून ऐकून पाठ केली आहेत. वस्तीत कोणी आजारी पडलं की पहिल्यांदा ती जाते, मग डॉक्टर. बारा ठिकाणी भांडी घासून आलेले हात घेऊन जाते. सेविका म्हणून आपल्याला मंडळीनं नेमावं, एवढं एकच मागणं तिनं देवाकडे धरलेलं होतं. त्या सकाळी तिनं केसांना तेलही लावलं नव्हतं. म्हणाली, "आज वरचं तेल लागणार हाय मला. खालचं कशाला?"

वरचंच लागलं.

धार भांगातून कपाळावर आली असेल आणि कौसल्याबाई पडली. वाट पाहून पाहूनच पडली. मागे कोणी नव्हतं. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज मी शेजारून ऐकला आणि डोळे उघडले. ती उताणी पडली होती. कोपर सोललं होतं. तोंडावर हसू होतं.

आणि संदेष्टे माईकमध्ये ओरडले, "पाहा! हातसुद्धा लावला नाही! हे सामर्थ्य!"

"हालेलुया!" अख्खा मांडव उठला. सगळ्यांत जास्त टाळ्या आमच्या वस्तीनं वाजवल्या.

माझी आई गावात ज्यांच्या वावरात निंदायची, त्यांच्या दारात ती ओंजळ धरायची. वरून पाण्याची धार. तांब्या उंच, ओंजळ खाली. मी तिच्या लुगड्याला धरून उभी असायची. नळातून पाणी पडावं तसं ते मला वाटायचं. मग एकदा आई तापानं फणफणली असताना एक म्हातारे पाळक सायकलवरून वस्तीत आले. खाली बसले आणि आईच्या डोक्यावर हात ठेवला. ताप उतरला की नाही, ते आईला पुढे कधी आठवलं नाही. हात आठवला. मरेपर्यंत सांगायची, "परक्या माणसानं हात ठिवला गं माय डोस्क्यावर. जड होता." एवढ्या एका हातामागे आमचं घर येशूकडे आलं.

आणि आता माझ्या कपाळावरून तेल नाकावर येत होतं. धार. तीच उंची.

मी म्हणाले, "साहेब, हात ठेवा."

माईक जवळ होता. सगळ्यांनी ऐकलं.

"बाई, डोळे मिटा. आत्मा काही हातातून येत नाही."

"मग त्या तिघांना काहून ठेवला?"

पाळक धावत आले. "बाई, आत्ता नको. पाहुणे आहेत."

शेवंताबाई गुडघ्यावरूनच वळली. "ठिवा की साहेब. काय झिजतंय का तुमचं?"

कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं संदेष्ट्यांचा चेहरा बदलला. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि आवाज खाली आणला. "प्रभू मला दाखवतोय. या बाईमध्ये बंडाचा आत्मा आहे. पिढ्यांचा शाप आहे हिच्या घरावर. निघ! येशूच्या नावात निघ!"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आमच्यात भूत काढताना सेवक माणसाचं डोकं धरतो, खांदे धरतो, कधी हलवतोसुद्धा. मी गुडघ्यावर तशीच बसून राहिले. मान वर करून त्यांच्या तळव्याकडे पाहत.

भूत काढायलाही त्यांनी मला हात लावला नाही.

मी पदरानं तेल पुसलं आणि उठले. "माझा अभिषेक राहू द्या," म्हणाले. कडेला चादरी ठेवल्या होत्या, त्यातली एक उचलून कौसल्याबाईच्या पायांवर टाकली. ते माझं काम होतं. मग मांडवातून बाहेर पडले. माझ्यामागे कोणी आलं नाही.

सभेबाहेर जातीचं काय चालतं ते मला ठाऊक होतं. त्याची तयारी होती, कातडं निबर केलं होतं. पण या सभेत येताना मी चपलांसोबत सावधपणाही बाहेर काढून ठेवायची. घाव तिथं बसला. घरी शिलाई मशीनवर बसले, कापड पुढे सरकवलं आणि टीप दिसेना. पायडल मारत रडले, म्हणजे शेजारी ऐकू जाऊ नये.

दोन दिवसांनी पाळक आले. खुर्चीच्या कडेला बसले. माणूस वाईट नाही, भित्रा आहे.

"पुढच्या सभेत एवढी माफी मागा. मग मीच अभिषेक करतो. संदेष्टे साहेब लई मोठं घराणं सोडून आलेत, बाई."

"सोडलं तर सभेच्या पत्रकावर ते घराणं नावासोबत छापतात कशाला?"

"तुम्ही फार बोलता."

"व्हय. आमच्याकडं सोडायला काही नव्हतं पास्टर, म्हणून आमच्या साक्षीला टाळ्या कमी. निदान हात तरी ठेवा."

ते चहा पिऊन गेले. पूर्ण पिऊन. तेवढं मी पाहिलं.

माफी मी मागितली नाही. मागणार नाही. वस्तीतल्या आजाऱ्यांकडे जायचं थांबवलंही नाही. मला बोलावलं ते त्या माणसानं नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

पण बुधवारच्या घरप्रार्थनेत कौसल्याबाई भेटली. अभिषिक्त. आता बाया तिला "सेविकाबाई" म्हणतात. ती माझ्यावर रागावली होती, मायेनं.

"थांबायचं होतंस गं जरा. मला हात बी न लावता मिळालं. तुला लई घाई."

तिचं कोपर अजून वाळलं नव्हतं.

त्या घरातली लेक तापली होती, चारेक वर्षांची. आईच्या मांडीवर पडलेली. कौसल्याबाई पुढे सरकली आणि तिनं दोन्ही हात उचलले. ते हात मला माहीत आहेत. राखेनं चिरलेले, गरम. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तेच हात तिच्या कपाळावर होते. ते हात लेकराच्या डोक्याच्या वीतभर वर जाऊन थांबले. तिथंच धरून तिनं प्रार्थना सुरू केली. मोठ्यानं, संदेष्ट्यांच्या आवाजात.

लेकरानं डोळे उघडले. वर पाहिलं. मग मान उचलली, हातापर्यंत पोचायला. पोचेना. पुन्हा मांडीवर डोकं टाकलं.

माझ्या वस्तीत, माझ्या जातीच्या बाईच्या हातून, माझ्या वस्तीचं लेकरू तसंच राहिलं. आणि सगळे "आमेन" म्हणाले.

पुढच्या बुधवारची प्रार्थना कौसल्याबाईच्याच घरी आहे. सतरंज्या सांगितल्या. बाजाची पेटी दुरुस्त करून आणली. तापलेल्या लेकीला दवाखान्यात नेऊन आणलं, ताप उतरला. बुधवारी तिलाही घेऊन ये, असं तिच्या आईला सांगितलं. शेवंताबाईला निरोप दिला, ती तांड्यावरून येते म्हणाली.

एक काम राहिलं आहे. कौसल्याबाईला खरं सांगायचं. की त्या दिवशी काही उतरलं नव्हतं, तुझा विटाळ मानला होता. तिच्या आयुष्यातला एवढा एक आनंद माझ्या तोंडानं मोडायचा आहे. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. दोन्ही वेळा ती गाणं म्हणत होती.

बुधवारी सगळ्यांपुढे सांगणार. ती रडेल, मला शिव्या देईल, देऊ दे. मग तिचं मनगट धरायचं आणि तिचा हात खाली आणायचा. लेकराचं डोकं लागेपर्यंत.