फळ्याचा रविवार

मी चौथीपर्यंत शिकले. फुटबॉल मात्र मला माझ्या नवऱ्याच्या आधी कळला. लग्न होऊन नायगावच्या खाडीकाठी आले तेव्हा घरामागच्या शेतात भात कापून झालं की पोरं बांबूचे दोन खांब रोवायची. मी भांडी घासता घासता बघायची. पाच-सात वर्षांनी मी बांधावर बसून ओरडायला लागले. सासूने दोनदा हटकलं, मग तिनेही सोडून दिलं.

ही गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. तेव्हा सहा गावांचे सहा संघ होते आणि जानेवारीत त्यांचे सामने व्हायचे. ज्या गावचा माणूस त्याने त्याच गावाकडून खेळायचं असं ठेवलं असतं तर दरवर्षी पाचूबंदरच जिंकलं असतं. होडीवर जाळी ओढणारे ते, त्यांच्यापुढे आमची कंपनीत बसून काम करणारी पोरं काय टिकणार? म्हणून जुन्या लोकांनी नियम घालून दिला होता. प्रत्येक गावाने आपले तीन खेळाडू ठेवायचे. बाकी सगळ्यांची नावं फळ्यावर लिहायची. गेल्या वर्षी शेवटी आलेल्या संघाने पहिलं नाव घ्यायचं, त्याच्या वरच्याने दुसरं, असं करत फळा पुसून संपवायचा. नाताळनंतरच्या रविवारी दुपारी वसईतल्या एका शाळेच्या हॉलात हे चालायचं. त्या दिवसाला आम्ही ‘फळा’च म्हणायचो. फळा कधी, फळ्यात कोण मिळालं, असं.

फळ्याच्या आधीचे पंधरा दिवस मला सामन्यांपेक्षा आवडायचे. सामन्यात हरायचं असतं. फळ्याआधी कोणी हरलेलं नसतं. आम्हाला डाव्या पायाचा एक तरी हवा, मागे उभा राहणारा उंच हवा, चांदीपचा तो बुटका पळतो चांगला पण दम धरत नाही, हे मी बाजारात, विहिरीवर, लग्नात सगळीकडे बोलायची. माझा पुतण्या संघाचा कप्तान होता. तो मला विचारून नावं ठरवतो असं लोक म्हणायचे. ते खोटं होतं. पण ऐकायचा.

त्या वर्षी मात्र मला डावा-उजवा काही सुचत नव्हतं. मला एकच माणूस हवा होता.

तो पाचूबंदरचा. उंच, दांडगा, होडीवर काम करणारा, पुढे खेळायचा. गेल्या वर्षी त्याच्या गावाने त्याला ठेवलं नव्हतं, आणि फळ्यातून तो दुसऱ्याच संघात गेला होता. आमच्याविरुद्ध खेळताना तो गोलावर धावून आला. गोलात माझा मुलगा होता. चेंडू धरायला तो खाली झेपावला आणि त्या माणसाचा गुडघा त्याच्या कानामागे बसला. मुद्दाम नव्हता मारला. मी खांबापासून दहा पावलांवर बसले होते, मला दिसलं. माझा मुलगा उठून बसला, हसला, आणि मग त्याने मला विचारलं, “आये, आज कोनता वार?” मी सांगितलं. त्याने परत तेच विचारलं. चार वेळा विचारलं.

मुंबईच्या हॉस्पिटलात नऊ दिवस होता. डोक्यात रक्त साखळलं होतं, ते औषधाने विरघळलं. सुटताना डॉक्टरांनी मला आणि मुलाला समोर बसवलं. “आता बरा आहे. पण पुन्हा तिथेच मार बसला तर मी काही सांगू शकत नाही. खेळ बंद.” त्यांनी एक कागद दिला, इंग्रजीत लिहिलेला.

बाहेर येऊन मुलगा रस्त्यातच थांबला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. घरी तिला ‘थोडं लागलंय, डॉक्टरांनी नजरेखाली ठेवलंय’ एवढंच सांगितलेलं.

“आये, यातलं कोनाला बोलायचं नाय.”

“खेळायचं नाही म्हणालेत ते.”

“ते मी बघेन. तू बोलायचं नाय. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला.”

त्याने माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. शपथा-बिपथा मी मानत नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरायची. त्या दिवशी कळलं, मानते. बोलले तर त्याचं बरंवाईट होणार, आणि गप्प राहिले तर तो खेळणार. कागद मी माझ्या पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली ठेवला.

नऊ महिने मी आशा धरून होते की तो आपणहून थांबेल. दिवाळी झाली आणि तो सकाळचा पळायला लागला. पुतण्याने त्याला ठेवलेल्या तिघांत घेतलं. मला रात्रीचं जेवण जाईना. डोळे मिटले की तो खाली झेपावताना दिसायचा.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. तो पाचूबंदरचा माणूस आपल्याच संघात आला, तर तो माझ्या मुलाच्या अंगावर कसा येईल? बाकीचे पुढे खेळणारे किडकिडीत होते. भीती होती ती त्या एकाची, आणि यंदाही त्याच्या गावाने त्याला ठेवलं नव्हतं. आमचं दुसरं नाव होतं. शेवटचा आला होता चांदीपचा संघ, पहिलं नाव त्यांचं. म्हणजे ते त्याला घेणार हे उघड होतं.

मी आधी पाचूबंदरला गेले. त्याची आई लिलावाच्या जागेजवळ टोपली घेऊन बसायची. दोन वाटे बोंबील घेतले, मग बोलले.

“तुझ्या मुलाला सांग, आमच्याकडून खेळ म्हणावं.”

तिने सुरी खाली ठेवली. “गेल्या साली मैदानावर माझ्या पोराला शिव्या दिल्यास त्या मीच आयकल्या. आता तोच पायजे?”

“पाहिजे.”

“बाय, फळ्यावर नाव गेलं का तो माझा नाय उरला. ज्याने घेतला त्याचा. आनि तुझ्या पोराला लागलं तवा माझ्याचा गुडघा पन टमाट्यासारखा सुजला होता. कोन आलं विचारायला?”

मी म्हटलं, “मी आले नाही. माझं चुकलं.”

तिने सुरी परत उचलली. “तू कशाला भितेस एवढी? बरा झाला ना तो?”

मी हो म्हटलं आणि बोंबील घेऊन निघाले. परत येताना एसटीत पिशवीतलं पाणी माझ्या पायावर गळत होतं ते मला घरी आल्यावर दिसलं.

मग मी पुतण्याला धरलं.

“पहिलं नाव चांदीपचं आहे, काकी. ते त्याला सोडणार नाहीत.”

“मागून घे. काहीतरी दे त्यांना.”

फळा सुरू होण्याआधी दोन संघ आपसात अदलाबदल करू शकत. तेही नियमात होतं.

“एवढा कशाला तोच? आपल्याला मागे उभा राहणारा पाहिजे. तूच म्हणत होतीस.”

“आता म्हणत नाही. काहीपण कर, पण त्याला आण.”

“काहीपण?”

“काहीपण.”

कारण मला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण माझा हात मुलाच्या गळ्यावर ठेवलेला होता.

फळ्याच्या रविवारी हॉलात पन्नास-साठ पुरुष आणि मी. मी दरवर्षी जायची, कोणाला नवल नव्हतं. शाळेतले एक निवृत्त मास्तर खडू घेऊन फळ्यापाशी उभे. पाचूबंदरचा तो मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. माझा मुलगा दोस्तांबरोबर खिडकीत.

मास्तर म्हणाले, “सुरू करण्याआधी एक बदल. पहिलं नाव आता नायगाव खाडीचं. त्याच्या बदल्यात चांदीपला दुसरं नाव, आणि ठेवलेल्यांपैकी एक खेळाडू.” आणि त्यांनी माझ्या मुलाचं नाव आमच्या रकान्यातून पुसून चांदीपच्या रकान्यात लिहिलं.

मला आधी कळलंच नाही. मग पुतण्या उभा राहिला आणि त्याने पाचूबंदरच्या त्या माणसाचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुतण्या वळून माझ्याकडे बघून हसला. दिलेला शब्द पाळला होता त्याने. चांदीपकडे गोलकीपर नव्हता, आमच्याकडे दुसरा एक होता. हिशेब बरोबरच होता त्याचा.

मी माझ्या हातानेच माझ्या मुलाला त्या पाचूबंदरच्या माणसासमोर नेऊन उभं केलं होतं. आता तो आमच्या बाजूने धावत येणार आणि माझा मुलगा समोर झेपावणार.

मी उठले. “हे रद्द करा.”

मास्तरांनी चष्मा वर केला. “का हो?”

“माझा मुलगा खेळणार नाही.”

हॉलात लोक हसायला लागले. चांदीपचा कप्तान म्हणाला, “काकी, माल पसंत करून घेतला, पैसे द्यायच्या वेळी रडता होय? रडीचा डाव नको.”

“त्याला विचारा,” मी म्हटलं.

मास्तरांनी खिडकीकडे बघितलं. “काय रे? खेळणार का?”

“खेळनार,” माझा मुलगा म्हणाला. “चांदीपकडून तर चांदीपकडून. आयेला उगाच भीती वाटते.” आणि माझ्याकडे बघून त्याने हळूच गळ्याला बोट लावलं. कोणाला दिसलं नाही. मला दिसलं.

पुतण्या माझ्या कानाशी आला. “काकी, बस खाली. तूच म्हणालीस ना काहीपण.”

मी खाली बसले नाही. हॉलातून बाहेर पडले, रिक्षा केली, घरी गेले. रिक्षात मी मोठ्याने बोलत होते, बहुतेक देवाशी. रिक्षावाला आरशातून बघत होता. सुनेने विचारलं काय झालं, मी पेटी उघडली. लुगडी जमिनीवर टाकली. कागद घेतला आणि त्याच रिक्षाने परत गेले.

फळ्यावर अजून दहा-बारा नावं शिल्लक होती. मी सरळ पुढे गेले आणि कागद मास्तरांच्या हातात दिला. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. येताना वाटेत मी ते ठरवलं होतं. शपथ बोलायची नाही अशी होती. कागद द्यायचा नाही असं तो म्हणाला नव्हता. देवाला असली वकिली चालते की नाही मला ठाऊक नव्हतं. मी फळ्याची कड धरली. बोटांना खडू लागला.

मास्तरांनी आधी मनात वाचलं. मग मराठीत करून मोठ्याने सांगितलं, सावकाश, वर्गात सांगतात तसं. मार कुठे बसला, काय झालं होतं, आणि शेवटची ओळ, डोक्याला मार बसू शकेल असा कुठलाही खेळ खेळू नये.

कोणी हसलं नाही. चांदीपचा कप्तान म्हणाला, “असं होतं तर सांगायचं ना आधी.” मागच्या बाकावरचा तो दांडगा माणूस उठला आणि बाहेर निघून गेला. दारातून मला दिसलं, भिंतीला टेकून तो उकिडवा बसला होता आणि डोकं दोन्ही हातांत धरलं होतं.

मास्तरांनी माझ्या मुलाचं नाव पुसलं. दुसऱ्या रकान्यात लिहिलं नाही. आमचा दुसरा गोलकीपर चांदीपला द्यावा लागला. आम्हाला फळ्यावरून जो उरला तो घ्यावा लागला, तो तर चष्मा लावायचा.

संध्याकाळी मुलगा घरी आला. सून रडत होती, कारण तिला शेजारणीकडून कळलं होतं.

“बोललीस तू,” तो म्हणाला.

“मी बोलले नाही. मास्तर बोलले.”

“शपथ माझ्या गळ्याची होती, आये. तुझ्या नाय.”

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. ताट घेऊन तो मागच्या पडवीत जेवायला बसला आणि त्यानंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. तो सकाळी कामाला गेला की परत येईपर्यंत मी सारखी दारात जाऊन बघायची. त्याला रेल्वेचं फाटक ओलांडावं लागायचं, हायवे ओलांडावा लागायचा, कंपनीत मशिनी होत्या. शपथ मोडली की नाही हे मला कोण सांगणार होतं? फादरना विचारायला मी ख्रिस्ती नव्हते आणि भटजींना विचारायची लाज वाटत होती.

जानेवारीत आमचा आणि चांदीपचा सामना झाला. मी गेले. न जाऊन घरात बसणं जास्त कठीण होतं. मुलगाही आला होता, पण माझ्यापासून लांब, पलीकडच्या बाजूला रेघेजवळ उभा. पाचूबंदरचा तो आमच्याकडून खेळत होता. गोलावर जाताना पाय आखडता घेत होता, लोक त्याला शिव्या देत होते. मी दिल्या नाहीत.

मध्येच कोणीतरी चेंडू उंच मारला आणि तो रेघेबाहेर, बरोबर माझ्या मुलाच्या डोक्यावर यायला लागला. त्याने मान वर केली, एक पाऊल पुढे टाकलं, टाचा उचलल्या. मी उभी राहिले. शेवटच्या क्षणी त्याने हात वर केले, चेंडू छातीशी धरला आणि आत फेकून दिला. मग माझ्याकडे बघितलं. मी अजून उभीच होते, तोंड उघडं. तो हसला नाही, पण चालत सगळं मैदान वळसा घालून आला आणि माझ्याजवळ बांधावर बसला.

“बस खाली,” म्हणाला. “मागच्यांना दिसत नाय.”

मी बसले. त्यानंतर मी मैदानाकडे बघितलंच नाही, त्याच्याकडेच बघत होते. तो दोनदा म्हणाला, “पुढे बघ, आये.” कोण जिंकलं ते मला घरी जाताना पुतण्याला विचारावं लागलं.